मेघालयाचं झाड, दिवाणखान्याचा कोपरा

1810 साल संपत आलं होतं. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांच्याकडे सिल्हेटहून मॅथ्यू रिचर्ड स्मिथ नावाच्या गृहस्थांनी वेताची एक टोपली पाठवली. टोपलीत मध होता. विणलेल्या टोपलीतून मध गळला कसा नाही? टोपलीला आतून एका झाडाचा चीक फासलेला होता, आणि तो सुकून त्याचा रबरी थर बसला होता. सिल्हेटच्या उत्तरेला खासी आणि जयंतिया डोंगर आहेत. तिकडून मध अशाच टोपल्यांतून खाली येई, अशा टोपलीला 'तुरोंग' म्हणत. रॉक्सबर्ग यांनी त्या चिकाच्या झाडाचा माग काढला. वनस्पतिशास्त्रात त्या झाडाचं नाव आहे फायकस इलास्टिका.

आपल्याकडे पुण्या-मुंबईपासून नागपूरपर्यंत सोफ्याच्या शेजारी, टीव्हीच्या कडेला, दवाखान्यांच्या प्रतीक्षागृहांत जाड, चकचकीत, गडद पानांचं जे 'रबर प्लांट' उभं असतं ते हेच. हल्ली घरोघर दिसणारा मॉन्स्टेरा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला, मोठ्या सारंगीच्या आकाराच्या पानांचा फिडल-लीफ पश्चिम आफ्रिकेतला. रबर प्लांट मात्र ईशान्य भारतापासून आग्नेय आशियापर्यंतच्या जंगलांतलं, म्हणजे आपल्याच देशाचं, आणि वड, पिंपळ, उंबर यांचं सख्खं भावंड. टायरसाठी ज्या झाडाचा चीक काढतात ते वेगळं. केरळात आणि आपल्या दोडामार्ग भागात ज्याच्या बागा आहेत ते झाड मूळचं ब्राझीलचं. त्याच्या बिया हेन्री विकहॅम यांनी 1876 साली लंडनला नेल्या आणि तिथून ते आशियात पसरलं. त्याआधी आसामात याच देशी झाडापासून रबर मिळवायचे प्रयत्न सरकारी पातळीवर झाले होते. तेजपूरजवळ चारद्वार इथं 1873 मध्ये वनखात्यानं याची लागवड सुरू केली. पुढे ब्राझीलचं झाड उत्पादनात सरस ठरलं, आणि आपलं झाड कुंडीत येऊन शोभेचं झालं.

शोभेचं म्हटलं की आपण त्याला वस्तू समजू लागतो, आणि इथंच त्याचे हाल सुरू होतात. नर्सरीतून आणलेलं पाच-सहा फुटी झाड आपण कोपरा रिकामा दिसतो म्हणून कोपऱ्यात ठेवतो, तिथं ऊन येत नाही हे ठाऊक असूनही रोज सकाळी त्याला तांब्याभर पाणी घालतो, आणि दोन महिन्यांत खालची पानं एकेक करून पिवळी पडून गळायला लागली की म्हणतो, आमच्याकडे झाडं टिकत नाहीत. टिकतात. या झाडाला काय हवं ते त्याच्या मूळच्या जागेवरून कळतं, आणि ती जागा समजून घेण्याजोगी आहे.

मेघालयाचा दक्षिण उतार म्हणजे जगातल्या सर्वांत जास्त पावसाचा प्रदेश. चेरापुंजीला, म्हणजे सोहराला, वर्षाला सरासरी साडेअकरा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पुण्यात सातशे-साडेसातशे पडला तरी आपण बरा पाऊस झाला म्हणतो. इतक्या पावसातलं झाड, म्हणजे त्याला पाणी भरपूर लागत असणार, असा सरळ हिशेब कुणीही करील. तो चुकीचा आहे. कारण हे झाड बहुतेकदा जमिनीवर जन्मतच नाही. पक्ष्यांनी खाल्लेल्या फळांतलं बी दुसऱ्या एखाद्या मोठ्या झाडाच्या बेचक्यात पडतं आणि तिथंच, ओंजळभर कुजलेल्या पाल्यात रुजतं. भिंतीच्या फटीत उगवलेला पिंपळ आपण सगळ्यांनी पाहिला आहे, हा तसाच प्रकार. पाऊस कोसळतो तेव्हा या रोपाची मुळं चिंब होतात. पाऊस थांबला की पाणी खोडावरून ओघळून जातं आणि थोड्याच वेळात मुळांभोवती पुन्हा हवा खेळू लागते. पुढे वर्षानुवर्षं त्याच्या पारंब्या खाली उतरत जातात, जमिनीला टेकतात, आणि तेव्हा कुठं त्याचा मोठा वृक्ष होतो. पुष्कळ पाणी, पण साचलेलं कधीच नाही. हे त्याचं बालपण. चारद्वारच्या लागवडीतही रोपं मातीचे उंचवटे करून त्यांवर लावली जात.

या पारंब्यांचं खासी लोकांनी जे केलं ते पाहिल्यावर कुंडीतल्या झाडाकडे बघायची नजर बदलते. ओढ्याच्या काठी झाड लावायचं किंवा असलेलं निवडायचं, त्याच्या कोवळ्या पारंब्या बांबूच्या किंवा सुपारीच्या पोखरलेल्या खोडाच्या आधारानं पलीकडच्या काठावर न्यायच्या, तिथं रुजू द्यायच्या, आणि मग वाट पाहायची. पारंब्या एकमेकींना बांधून ठेवल्या की जाडावताना परस्परांत मिसळून एकजीव होतात. माणसाचं वजन पेलणारा पूल व्हायला काही दशकं लागतात, म्हणजे सुरुवात करणारा तो पूल पुष्कळदा पुढच्या पिढीसाठी करत असतो. खासी भाषेत या पुलाला 'जिंगकिएंग ज्री' म्हणतात. हेन्री यूल या ब्रिटिश अधिकाऱ्यानं 1844 मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या पुलांचं वर्णन छापलं होतं. 2019 मध्ये जर्मन संशोधकांनी अशा 74 पुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नोंग्रियाट गावातला दुमजली पूल तर आता पर्यटकांच्या फोटोंमुळे सर्वांना परिचित आहे. 2022 साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत या पुलांच्या प्रदेशाचा समावेश झाला. लाकडी पूल त्या पावसात कुजतो, लोखंडी गंजतो. हा मात्र जिवंत असल्यामुळे वयानुसार बळकट होत जातो.

एवढी ताकद असलेलं झाड आपल्या घरी बारा इंची कुंडीत उभं आहे. त्याचा जीव चिवट आहे, आणि ते सहसा मरतं ते मुळांपाशी गुदमरून.

या लेखासाठी मी सोरतापवाडी-उरुळी कांचनच्या पट्ट्यात फिरले. सोलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना इथं नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत, आणि पुण्या-मुंबईच्या घरांतली पुष्कळ झाडं इथून निघतात. हिरव्या शेडनेटखाली रबराची शेकडो रोपं काळ्या पिशव्यांत ओळीनं लावलेली होती: साधी हिरवी, 'बरगंडी' म्हणून विकली जाणारी तांबूस-काळी, आणि पांढऱ्या-पिवळ्या कडांची. एका नर्सरीच्या मालकांना मी विचारलं की गिऱ्हाईक सगळ्यांत जास्त काय विचारतं. ते म्हणाले, "ताई, सगळे एकच विचारतात, पाणी किती दिवसांनी घालायचं. मी उलटा विचारतो, ठेवणार कुठं? खिडकी कुठल्या अंगाला आहे? ते कुणालाच सांगता येत नाही."

त्यांचा प्रश्न बरोबर होता. झाड पाणी किती पिणार हे त्याला प्रकाश किती मिळतो यावर ठरतं, म्हणून प्रकाशाचं आधी पाहायचं. आपल्या डोळ्यांना यातला फरक कळत नाही. भर दुपारी उघड्यावर प्रकाश एक लाख लक्सच्या आसपास असतो. खिडकीलगत, थेट ऊन नसताना, तो काही हजारांवर येतो. आणि खोलीच्या आतल्या कोपऱ्यात दोनशे-तीनशेच उरतो. डोळा बाहुली लहान-मोठी करून घेतो, म्हणून तो कोपरा आपल्याला 'चांगला उजेडाचा' वाटतो. झाडाच्या दृष्टीनं तिथं कायमची संध्याकाळ असते. फोनमध्ये लक्स मोजणारी ॲप मिळतात, त्यांनी अगदी अचूक नाही तरी तुलना करता येते. खिडकीपासून चार-पाच फुटांच्या आत जागा मिळत नसेल तर हे झाड घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खिडकी कुठल्या दिशेची, याबाबत परदेशी पुस्तकांतला सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही. तिकडे दक्षिणेची खिडकी सर्वांत उजेडाची मानतात. पुण्यात मे महिन्याच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो, आणि तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे त्या काळात दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन जवळजवळ येतच नाही, आणि डिसेंबरात त्याच खिडकीतून ते खोलीत खोलवर शिरतं. त्यामुळे दक्षिणेचं झाड थंडीत दोन फूट मागं घ्यावं लागतं. पूर्वेची खिडकी वर्षभर उत्तम, सकाळचं कोवळं ऊन या झाडाला मानवतं. पश्चिमेची खिडकी मार्च ते मे धोक्याची. दुपारनंतरच्या उन्हानं आणि तापलेल्या काचेनं पानांवर तपकिरी भाजल्याचे डाग पडतात, तिथं पातळ पडदा हवाच. उत्तरेला मोकळं आकाश दिसत असेल तर साध्या हिरव्या जातीचं चालून जातं. पांढऱ्या कडांच्या जातीचं नाही, कारण पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं आणि उरलेल्या हिरव्या भागावर सगळ्या झाडाचा भार असतो.

घरी आणल्यावर पहिल्या महिन्यात दोन-चार पानं गळली तर घाबरू नये. शेडनेटखाली मोकळ्या हवेत वाढलेली पानं तिथल्या प्रकाशासाठी घडलेली असतात. नव्या जागी झाड त्यांतली काही सोडून देतं आणि नवी पानं इथल्या उजेडाच्या बेतानं काढतं. या काळात झाडाची जागा सारखी बदलत राहणं हा सर्वांत मोठा जाच. गणपतीत मखराच्या दोन्ही बाजूंना हीच झाडं आणून ठेवायची पद्धत पडली आहे. दहा दिवस अंधाऱ्या भिंतीशी, दिव्यांच्या झोतात राहून ती परत खिडकीत गेली की पुन्हा पानं टाकतात. दीड दिवसाच्या गणपतीला हरकत नाही. दहा दिवसांच्या आराशीला दुसरं काही शोधावं.

आता पाणी. ठाण्यात वनस्पतिशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापिका राहतात. त्यांच्याकडचं रबराचं झाड छताला टेकलेलं आहे आणि त्याची पारंबी त्यांनी त्याच कुंडीत उतरवली आहे. त्यांनी मला पानाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. बीएस्सीला वनस्पतिशास्त्र असलेल्यांना तो आठवत असेल, प्रात्यक्षिकात रबराचंच पान देतात: वरच्या सालीच्या आत, एका मोठ्या पेशीत द्राक्षाच्या घडासारखा लोंबणारा कॅल्शियम कार्बोनेटचा स्फटिकगुच्छ. त्यांना दाखवायचं होतं ते मात्र त्याच्या शेजारी होतं. बहुतेक पानांची बाह्यत्वचा एका थराची असते, या पानाची अनेक थरांची आहे. वर मेणाचा लेप, आणि रंध्रं सगळी पानाच्या खालच्या बाजूला, थोडी आत खोल. म्हणाल्या, "हे पाणी राखून ठेवणारं पान आहे. फांदीच्या बेचक्यात उपाशी राहायची सवय असलेलं. त्याला रोज पाजत बसायचं नसतं."

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या सतत पाण्यानं भरलेल्या राहिल्या की प्राणवायू संपतो, मुळं मरतात, मेलेल्या मुळांत बुरशी शिरते. आणि यातली खरी अडचण अशी, की कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नसल्यामुळे झाड वरून तहानेनं सुकल्यासारखंच दिसतं. पानं मान टाकतात. आपण कळवळून आणखी पाणी घालतो. अशा वेळी बोट मातीत घालून पाहावं. दोन पेरांपर्यंत माती कोरडी लागली तर पाणी घालायचं, आणि घालायचं तेव्हा कुंडीच्या तळाच्या भोकातून बाहेर पडेपर्यंत भरपूर घालायचं. ओली लागली तर हात आवरायचा. रोजचं थोडंथोडं पाणी सर्वांत वाईट. त्यानं वरची माती कायम ओली आणि तळची मुळं कधी कोरडी तर कधी बुडालेली राहतात.

वार ठरवून पाणी घालू नये, तरी साधारण अंदाज हवा असेल तर असा. एप्रिल-मेमध्ये चार-पाच दिवसांनी. थंडीत आठवड्यानं. आणि पावसाळ्यात, बाहेर सगळं हिरवंगार होत असताना, घरातल्या झाडाला दहा-बारा दिवसांनीसुद्धा पुरतं, कारण हवा दमट असते, ढगांमुळे प्रकाश कमी असतो, पानांतून बाष्प फारसं उडत नाही. घरातली रबराची झाडं जुलै-ऑगस्टमध्ये सर्वांत जास्त दगावतात, असं मला भेटलेल्या प्रत्येक नर्सरीवाल्यानं सांगितलं. मे महिन्यात गावी जाताना शेजाऱ्यांना किंवा कामाच्या मावशींना 'पाणी घाला हं' एवढंच सांगून जाऊ नये. किती दिवसांनी आणि किती तांबे, हे चिठ्ठीवर लिहून कुंडीला चिकटवावं. पंधरा दिवस कोरडं राहिलेलं झाड सावरतं. पंधरा दिवस रोज न्हाऊ घातलेलं सावरत नाही.

कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. मुळांसाठी तर नाहीच, शिवाय डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो, आणि अंड्यापासून उडता डास व्हायला त्याला आठवडा-दहा दिवस पुरतात. पावसाळ्यात महापालिकेची माणसं घरोघर येऊन या ताटल्या बघतात, ते योग्यच आहे.

नर्सरीतून रोप येतं ते बहुधा चिकट लाल मातीच्या घट्ट गोळ्यात. विक्रीसाठी वाहतुकीत तो गोळा फुटत नाही म्हणून ती माती सोयीची, घरातल्या कुंडीसाठी गैरसोयीची. जून-जुलैत किंवा फेब्रुवारीत कुंडी बदलताना बाहेरची माती हलक्या हातानं मोकळी करून काढावी आणि नव्या मिश्रणात निम्मी बागेची माती, बाकी कोकोपीट, गांडूळ खत आणि विटांचा जाडसर चुरा किंवा परलाइट घालावं. तळाशी खडीचा जाड थर देण्याची पद्धत सोडून द्यावी. बारीक मातीतलं पाणी खडीच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही, ते खडीच्या वरच्या मातीतच अडून राहतं, म्हणजे मुळांजवळच. भोकावर एक खापरी पुरे. नवी कुंडी जुनीपेक्षा दोन इंचांनीच मोठी घ्यावी. लहान झाड मोठ्या कुंडीत लावलं की उरलेली माती दिवसेंदिवस ओली राहते. खत माफक: फेब्रुवारीत आणि जूनमध्ये मूठ-दोन मूठ गांडूळ खत, वाढीच्या महिन्यांत एखाद वेळी 19:19:19 हे विद्राव्य खत एक लिटर पाण्यात एक ग्रॅम.

पानं पंधरवड्यातून एकदा ओल्या फडक्यानं, खालून हाताचा आधार देऊन पुसावीत. आपल्या शहरांत बांधकामांची धूळ एवढी आहे की पानावर तिचा थर जमतो आणि आधीच तोकडा असलेला प्रकाश आणखी अडतो. चकाकी यावी म्हणून खोबरेल किंवा दूध लावू नये, त्यावर धूळ जास्तच बसते. पुसताना पानाच्या मागं, देठाच्या बेचक्यात कापसासारखे ठिपके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटच्या बोळ्यानं टिपून काढावा आणि संध्याकाळी निंबोळी तेलाची फवारणी करावी. झाडावर मुंग्यांची ये-जा दिसली तरी हीच तपासणी करावी.

'हवा शुद्ध करणारं झाड' अशी पाटी लावून हल्ली ही झाडं विकतात. त्याचं मूळ 1989 सालच्या नासाच्या प्रयोगांत आहे, आणि ते प्रयोग बंदिस्त, लहान पेट्यांत झाले होते. 2019 मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा सगळ्या प्रयोगांचा पुन्हा हिशेब मांडला. खिडक्या-दारांतून होणाऱ्या साध्या वायुवीजनाची बरोबरी करायची तर दर चौरस मीटर जागेत दहापासून हजारपर्यंत झाडं लागतील, असं त्यांना दिसलं. म्हणून दम्याच्या रोग्यासाठी औषध समजून हे झाड घेऊ नये. लाल टोकदार आवरण गळून आतून गुंडाळलेलं कोवळं पान उलगडतं, ते रोज बघता येतं. हे झाड घ्यायला एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

आणि मग एक दिवस ते छताला टेकतं. इथं लोक जे करतात त्याला माझा ठाम विरोध आहे: झाड उचलून सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीला लागून जमिनीत लावतात. रानात तीस मीटरपर्यंत जाणारं, वडासारखी मुळं पसरणारं हे झाड. काही वर्षांत भिंत तडकते, ड्रेनेजच्या पाइपात मुळं शिरतात, आणि मग ते तोडायचं तर 1975 च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली महापालिकेची परवानगी लागते. शेवटी झाडही जातं आणि भिंतही.

त्याऐवजी गुटी बांधावी. डाळिंबाच्या बागायतदारांना हे काम पाठ असतं. शेंड्याखाली दोन-अडीच फुटांवर खोडाची इंचभर रुंद साल गोलाकार काढायची; चीक येईल तो ओल्या फडक्यानं टिपायचा, डोळ्यांना आणि अंगाला लागू द्यायचा नाही, त्यानं खाज सुटते. उघड्या भागावर मुळं फुटण्याची पावडर लावून ओल्या मॉसचा गोळा बसवायचा आणि वरून प्लॅस्टिक घट्ट गुंडाळून दोन्ही टोकं बांधायची. पावसाळी हवेत दीड-दोन महिन्यांत प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसू लागतात. मग त्याच्या खाली कापून नवं झाड कुंडीत लावायचं. जुन्याला कापल्या जागेखालून फांद्या फुटतात, ते आटोपशीर आणि भरदार होतं. ज्या वाचनालयाला, शाळेला मोठी पूर्वेची खिडकी आहे तिथं नवं झाड द्यावं.

दिवाळीत भेट म्हणून झाड देणार असाल तर आधी त्या घरी फोन करून खिडकी विचारा. आणि घरात झाड असेल तर थंडीच्या दिवसांत कुंडी बदलणं, खत, गुटी यांतलं काहीही फेब्रुवारीच्या आधी करू नका, आणि पाणी आठवड्यानंच घाला.